डायव्हर्टर पाणी बंद करत नाही, वळवतो

बादली भरायला म्हणून नळ सोडावा आणि डोक्यावर गार पाण्याची धार यावी. आधी आंघोळ करून गेलेल्यानं डायव्हर्टरचं, म्हणजे पाणी तोटीकडून शॉवरकडे वळवणारं, बटण वरच ठेवलं म्हणून त्याचा उद्धार होतो. खरं तर चूक त्याची नाही. नळ बंद झाल्यावर बटणानं आपोआप खाली यायला हवं होतं. ते आलं नाही म्हणजे आत काहीतरी अडकलंय, आणि ते बहुतेक वेळा अर्ध्या तासात घरीच मोकळं करता येतं.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. डायव्हर्टरचं काम रेल्वेच्या सांधेवाल्याचं. गाडी या रुळावर घालायची की त्या रुळावर, एवढंच तो ठरवतो. गाडी थांबवणं त्याच्या हातात नाही. पाणी थांबवतो तो स्पिंडल (फिरवायच्या नळाच्या आतला उघडझाप करणारा भाग) किंवा कार्ट्रिज (लिव्हरच्या नळात तेच काम करणारा आतला भाग). हा फरक माहीत नसला की दुकानातून डायव्हर्टर आणला जातो, बसवला जातो, आणि गळती आहे तिथेच राहते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी दोनच प्रश्न. सगळं बंद असताना पाणी ठिबकतंय का? मग डायव्हर्टरला हात लावू नका, स्पिंडल किंवा कार्ट्रिज पाहा. नळ सुरू असताना तोटी आणि शॉवर दोन्हींकडून पाणी येतंय का, किंवा वळवूनही वळत नाही का? मग दोष डायव्हर्टरचा. यात एक फसवी जागा आहे. आंघोळ झाल्यावर डोक्यावरचा शॉवर काही मिनिटं टपटपतो आणि थांबतो. ते शॉवरच्या ताटलीत आणि वरच्या आडव्या नळीत उरलेलं पाणी. तो बिघाड नव्हे. तासाभरानंतरही थेंब पडत असतील तर मात्र पाणी मागून येतंय.

आता बटणवाल्या तोटीकडे येऊ, कारण सर्वाधिक घरांत तीच असते. वर ओढायचं बटण, त्याला जोडलेला पितळी दांडा, आणि दांड्याच्या खालच्या टोकाला रबरी वॉशर बसवलेली छोटी चकती. बटण वर ओढलं की चकती तोटीच्या वाटेवर येऊन बसते आणि पाण्याला वर जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तिला तिथे धरून ठेवणारं कुलूपबिलूप काही नाही. मागून येणारा पाण्याचा दाबच तिला धरतो. दाब गेला की बटण स्वतःच्या वजनानं, आणि काही तोट्यांत बारीक स्प्रिंगच्या जोरानं, खाली पडतं.

हे कळलं की तक्रारींची निम्मी यादी आपोआप सुटते. बटण ओढल्या ओढल्या खाली पडतं, कारण त्या क्षणी शॉवरचा उभा पाईप रिकामा असतो आणि दाब तयारच झालेला नसतो. नळ पूर्ण उघडा, बटण ओढा आणि तीन-चार सेकंद धरून ठेवा. पाईप भरला की तोटी ते शॉवर हे साधारण सव्वा-दीड मीटरचं पाणी चकतीवर दाब देतं आणि मग बटण टिकतं. उलट, नळ बंद केल्यावर बटण लगेच न पडता जरा वेळानं पडतं, तेही याच उभ्या पाण्यामुळे. ते हळूहळू तोटीतून झिरपून गेलं की दाब संपतो. त्यामुळे शॉवर चालू असताना तोटीतून चार थेंब पडणं हा दोष नाही, ती सोय आहे. बारीक धार लागली तर मात्र वॉशर गेला.

सर्वात वरच्या मजल्यावरच्या घरांचं दुखणं वेगळं. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. गच्चीवरच्या टाकीचा तळ तुमच्या फरशीपासून साडेतीन मीटरवर आणि शॉवर सव्वादोन मीटरवर असेल, तर शॉवरला मिळते सव्वा मीटर उंची, म्हणजे ०.१२ बारच्या आसपास. त्यातलंही काही एल्बो (पाईपचे काटकोनी सांधे) आणि अँगल कॉक (भिंतीवरचे छोटे बंद-चालू कॉक) खातात. एवढ्याशा दाबावर ताटाएवढा पावसाळी शॉवर लावला तर तो पाऊस पाडत नाही, गळका पत्रा वाटतो. तिथे डायव्हर्टर बदलून काही होणार नाही. लहान तोंडाचा, कमी दाबासाठी बनवलेला शॉवर घ्या आणि बटणाऐवजी फिरवायच्या मुठीचा डायव्हर्टर घ्या. मूठ दाबाच्या भरवशावर नसते, जिथे ठेवाल तिथे राहते. प्रेशर पंप लावायचाच असेल तर टाकीतून खाली येणाऱ्या लाईनवर. पालिकेच्या लाईनला थेट पंप जोडणं ही बेकायदा गोष्ट आहे आणि शेजाऱ्यांचं पाणी ओढणारीही.

बटण अडकतं ते क्षारांमुळे. मुंबईत तलावांचं किंवा पुण्यात खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या घरांत हा त्रास बेताचा. बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत मात्र वर्षभरात दांड्यावर पांढरा थर चढतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालण्याजोगा धरला आहे. बोअरचं पाणी अनेक ठिकाणी या वरच्या टोकाकडे असतं. शिवाय पाणी तापलं की त्यातले विरघळलेले क्षार खडूसारखे बाहेर पडतात. म्हणून गिझरच्या बाजूचा स्पिंडल बहुतेक वेळा आधी घट्ट होतो, गारचा नंतर. तुमच्याकडे उलटं असेल तर क्षार सोडा, लाईनमधली रेती शोधा.

तोटी उघडायची तर आधी बाथरूमचा मुख्य कॉक बंद करा. तो फिरत नसेल, आणि जुन्या घरात तो हमखास फिरत नाही, तर गच्चीवरचा तुमच्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद करा. मग तोटी उघडून उरलेलं पाणी काढून टाका. फरशीच्या जाळीवर ओलं फडकं अंथरा. बारीक स्क्रू त्या जाळीत जातो आणि मग सगळी दुपार तो शोधण्यात जाते.

तोटीच्या खालच्या बाजूला बारीक भोक दिसतंय का पाहा. असेल तर आत ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा बारीक स्क्रू, आहे, २.५ किंवा ३ मिलिमीटरच्या अॅलन कीनं तो सैल करा आणि तोटी सरळ ओढा. भोक नसेल तर ती आट्यांवर बसवलेली आहे. फडकं गुंडाळा आणि दोन्ही हातांनी डावीकडे फिरवा. पान्यानं धरलं तर क्रोमवर दात उमटतात. भिंतीतला पाईप सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, असेल तर एकदम जोर लावू नका. भिंतीतला पितळी आट्यांचा एल्बो त्या जोरानं हलला तर काम तोटीवरून टाइल फोडण्यावर जातं. हलत नसेल तर सांध्याभोवती व्हिनेगर भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि पुन्हा बघा.

बटणाची टोपी आट्यांवर असते किंवा तिच्या माथ्यावर बारीक स्क्रू असतो. ती काढून खालचा नट सोडवला की दांडा चकतीसकट हातात येतो. आता वॉशर नीट पाहा. चांगल्या वॉशरवर सीटचा, म्हणजे तो जिथे टेकतो त्या कडेचा, गोल वण असतो पण तो उथळ. खराब वॉशरवर नखानं जाणवेल इतकी खोल खाच असते, आणि बहुतेक वेळा एकाच बाजूनं जास्त, कारण क्षारांमुळे चकती तिरकी बसायला लागलेली असते. रबर बोटांत दाबून बघा. लवचिक असेल आणि खाच उथळ असेल तर उलटं करून घातलेला वॉशर आणखी काही महिने चालतो. बोटांना काळं लागत असेल किंवा कड तुटत असेल तर नवाच घाला. दुकानात जाताना जुना वॉशर खिशात घेऊन जा, फोटो नको. ओ-रिंगचंही, म्हणजे गोल रबरी कड्याचंही, तसंच: आतला व्यास आणि जाडी दोन्ही जुळायला हवेत, आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्यांना फोटोत दिसत नाही. स्वस्त तोट्यांचे आतले भाग सुटे मिळत नाहीत. तिथे वेळ न घालवता तोटीच बदललेली बरी.

पितळी दांडा, चकती आणि नट वेगळे करून एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबू सत्व, घालून त्यात तासभर बुडवा. रबर आधी काढून ठेवा. जुना टूथब्रश फिरवला की थर गळून येतो. चमक असलेली तोटी मात्र या द्रावणात बुडवू नका. बाहेरून व्हिनेगरचं फडकं वीस मिनिटं पुरे, मग साध्या पाण्यानं धुऊन कोरडी पुसा. काळ्या आणि सोनेरी फिनिशला तेही नको, ओलं मऊ कापड आणि धीर एवढंच. संडास साफ करायचं अॅसिड कशालाच लावू नका. ते क्षारांबरोबर क्रोमही खातं, आणि क्रोम उडालं की खालचं पितळ हिरवट पडतं.

जोडताना रबरावर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, अगदी पातळ. खोबरेल तेल आणि व्हॅसलीन घरात असतं म्हणून लावलं जातं. नळाच्या कामात वापरलेलं काही रबर अशा तेलकट पदार्थांनी फुगतं आणि बटण आधीपेक्षा जास्त अडकतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप आठ-दहा वेढे, आटे ज्या दिशेनं घट्ट होतात त्याच दिशेनं, म्हणजे टोक तुमच्याकडे धरलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे. उलटे वेढे घातले तर फिरवताना टेप सुटून गोळा होते. जिथे सपाट वॉशर किंवा ओ-रिंग पाणी अडवते तिथे टेपची गरज नाही. तिथे टेप घातली तर नट पूर्ण बसत नाही आणि उलट गळतो.

वॉल मिक्सरमध्ये, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणाऱ्या भिंतीवरच्या नळात, दोन स्पिंडल, मधे डायव्हर्टरची मूठ. भिंतीतल्या गरम-गारच्या तोंडांतलं अंतर ठरलेलं, मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिलिमीटर, म्हणजे आपले सहा इंच. तोंडं १५ मिलिमीटरची, म्हणजे अर्धा इंची. थोडंफार इकडेतिकडे झालं तर वाकडे लेग (मिक्सर भिंतीला जोडणारे तुकडे) फिरवून जुळवून घेता येतं. मधल्या मुठीच्या आत भोक असलेला पितळी गट्टू आणि त्यावर ओ-रिंगा असतात. मूठ फिरवताना करकर वाजली की क्षार, आणि सहज फिरूनही दोन्हीकडून पाणी आलं की ओ-रिंग. मुठीच्या मुळाशी पाणी झिरपत असेल तर बाहेरची ओ-रिंग, आतून कितीही ठीक असलं तरी. इथे सल्ला एकच: आठवड्यातून एकदा मूठ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कायम बादलीनंच आंघोळ होणाऱ्या घरांत डायव्हर्टर वापरून नाही, न वापरून जाम होतो.

कन्सिल्ड, म्हणजे भिंतीत दडवलेल्या, सिंगल लिव्हर डायव्हर्टरचं प्रकरण दिसायला अवघड, खोलायला सोपं. लिव्हरवरची लाल-निळी टोपी ब्लेडच्या टोकानं उचला, खाली अॅलन स्क्रू. लिव्हर निघाला की घुमटी हातानं फिरवून काढा, मग दिसतो पितळी रिंग नट. तो सोडवला की कार्ट्रिज सरळ बाहेर येतं. काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, कारण कार्ट्रिजच्या तळाला दोन खुंट्या असतात आणि त्या खाचांतच बसायला हव्यात. चुकून उलटं बसलं तर गरमच्या जागी गार येतं. नेहमीची मापं ३५ आणि ४० मिलिमीटर. उंची आणि दांड्याची जाडी मात्र जग्वार, सेरा, हिंदवेअर, कोहलर या प्रत्येकाची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही. जुनं कार्ट्रिज बरोबर न्या. आत घासून गुळगुळीत केलेल्या दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांना दुरुस्ती नाही. रेतीचा एक कण मधे सापडला की चरा पडतो आणि तो चरा म्हणजेच ठिबकणं. नवं घालण्याआधी क्षणभर मुख्य कॉक उघडून बॉडीतली घाण पाण्याबरोबर बाहेर येऊ द्या, आणि हे करताना समोर उभं राहू नका. रिंग नट हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं पाव फेरा बास. जास्त आवळलात तर लिव्हर जड होतो.

बटण दाबून शॉवर सुरू करायच्या प्रकारात बटणाचा दांडा वेगळा, कार्ट्रिज वेगळं. बटण आत जाऊन परत येत नसेल तर कार्ट्रिज बदलून उपयोग नाही. प्लेट काढा, बटणाचा भाग पान्यानं सोडवा, स्प्रिंग आणि ओ-रिंगा पाहा.

भिंतीला ओल येते तेव्हा लोक थेट वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात. थांबा. डायव्हर्टर इथे तपासणीचं साधन म्हणून कामाला येतो. डायव्हर्टर आणि शॉवर यांच्यामधल्या भिंतीतल्या पाईपमध्ये पाणी दाबाखाली फक्त शॉवर सुरू असतानाच असतं. म्हणून ओलीच्या कडेवर पेन्सिलनं रेघ मारा आणि तीन-चार दिवस सगळ्यांनी बादलीनंच आंघोळ करा. ओल रेघेच्या आत सरकायला लागली तर गळती त्या उभ्या पाईपात किंवा शॉवरच्या बेंडच्या सांध्यात. तरीही वाढत राहिली तर गारची किंवा गिझरची लाईन, जिथे पाणी चोवीस तास दाबाखाली असतं. गिझरची शंका असेल तर त्याच्या गार तोंडाचा अँगल कॉक बंद ठेवून पुन्हा हीच परीक्षा घ्या, अर्थात गिझरचं बटण बंद करूनच.

आणखी एक दुखणं असं, की त्याचा संबंध कोणी डायव्हर्टरशी लावत नाही. बेसिनच्या गार नळाला कोमट पाणी येतं, किंवा गिझर तापूनही दुसऱ्याच बादलीला पाणी निवतं. हँड शॉवरला अंगठ्यानं बंद करायचं बटण असतं. साबण लावताना ते दाबलं जातं, मिक्सरचे दोन्ही स्पिंडल उघडेच. आता बाहेर जायला वाट नाही, आणि मिक्सरच्या पोटात गरम-गारच्या लाईनी एकमेकींना भेटल्या आहेत. ज्या बाजूला दाब जास्त त्या बाजूचं पाणी दुसऱ्या लाईनीत घुसतं. पंप फक्त गारच्या लाईनवर लावलेला असेल तर हे रोजच होतं. उपाय दोन: मधे थांबायचं तर मिक्सर बंद करायचा, हँड शॉवर नाही, आणि मिक्सरच्या दोन्ही तोंडांत नॉन रिटर्न (पाणी उलटं जाऊ न देणारे) व्हॉल्व्ह घालायचे. हेल्थ फॉसेटलाही (संडासातल्या जेट स्प्रेला) हाच नियम लागू: अँगल कॉक उघडा ठेवून नुसता ट्रिगर सोडला की नळी दिवसभर दाबाखाली राहते आणि गावाला गेल्यावर फुटते.

गॅस गिझरवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तो गिझर पाण्याच्या जोरावर पेटतो. शॉवरची जाळी किंवा डायव्हर्टर क्षारांनी तुंबला की प्रवाह कमी होतो आणि बर्नर मधेच विझतो. तोटीला नीट पेटतो आणि शॉवरला विझतो, असं असेल तर गिझरवाल्याला फोन करण्याआधी शॉवर काढून तळहातावर आपटून बघा, काय काय बाहेर येतं ते.

नवीन बाथरूम करत असाल तर कन्सिल्ड बॉडी बसवण्याच्या दिवशी मिस्त्रीपाशी उभे राहा. बॉडीच्या प्लास्टिक टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. प्लास्टर, चिकटवायचा मसाला आणि टाइल सगळं धरून भिंतीचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मधे यायला हवा. बॉडी फार आत गेली तर लिव्हर बसत नाही आणि एक्स्टेन्शन शोधत फिरावं लागतं. फार बाहेर राहिली तर प्लेट भिंतीला टेकत नाही आणि मागे पाणी जातं. शॉवर आणि तोटीच्या तोंडांना प्लग लावून लाईन चोवीस तास दाबाखाली ठेवा, सगळे सांधे कोरडे आहेत का ते कोरड्या टिश्यूनं टिपून बघा. मग मेजर टेप भिंतीला धरून पाईपांचे फोटो काढा, फरशीपासूनची उंची आणि कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असे. टोपी टाइल लागेपर्यंत काढू देऊ नका. बॉडीचा मॉडेल नंबर त्या टोपीवर किंवा खोक्यावरच असतो, तो त्याच फोटोंबरोबर ठेवा.